आत्याच्या वाटणीचे एक्केचाळीस शब्द

मेघनाला जीआरईच्या, म्हणजे अमेरिकेत पुढं शिकायला जायच्या परीक्षेच्या, इंग्रजी भागात एकशे सत्तरपैकी एकशे एकसष्ट गुण पडले.

हे अजून झालेलं नाही. ते होणार सोळा नोव्हेंबरला, पुण्यात, एका थंडगार खोलीत. आपण आत्ता ऑगस्टात कन्हेरीच्या ओट्यावर आहोत. मेघना शेंगा फोडत 'इफेमरल, इफेमरल' असं पुटपुटतीय, आणि पोरीला कुणाची नजर लागली का, या हिशेबानं तिची आई रेश्मा दारातून बघतीय. तेव्हा तो आकडा वाचकांनी उचलला तिथंच परत ठेवावा. घरात तो कुणाला माहीत नाही, आणि माहीत असता तर पुढचा सगळा गोंधळ घालायची कुणाला गरजच पडली नसती.

"किती शब्द हायती?" आबांनी खाटेवरून विचारलं.

"हजार."

"परीक्षा कवा?"

"सोळा नोव्हेंबर."

"मग लागण कवा केली?"

"कशाची?"

"शब्दांची गं. पाठ करायला घ्यायची तारीख. नोंद न्हाय केली?"

मेघनानं नोंद केली नव्हती. तिनं मोबाईलमध्ये एक यादी उतरवून घेतली होती आणि ती वरून खाली वाचत होती. आबांच्या मते हे पीक आपोआप फॅक्टरीत चालत जाईल असं समजण्यासारखं होतं.

आबा, म्हणजे सावळाराम देवकाते, चौतीस वर्षं साखर कारखान्यात चिटबॉय होते. कुणाचा ऊस कधी लावला, कधी पिकला, तोडणीची टोळी कुणाच्या रानात कोणत्या दिवशी जाणार, याची चिठ्ठी फाडणारा माणूस. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी, एवढा एकच नियम त्यांनी आयुष्यभर पाळला. त्यापायी एका संचालकाच्या मेव्हण्याला त्यांनी सतरा दिवस ताटकळत ठेवलं होतं, आणि स्वतःच्या उसाला तुरे आले तरी पाळी आल्याशिवाय कोयता लागू दिला नव्हता. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण चिठ्ठी फाडायला हात अजून शिवशिवायचे. गेल्या दिवाळीला त्यांनी फराळाच्या चिठ्ठ्या फाडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेटीतून एक कोरी नोंदवही काढली आणि हजार शब्दांचा गळीत हंगाम जाहीर केला.

सोपे शब्द 'सुरू' या सदरात, कारण तो ऊस वर्षभरात तयार होतो. जड शब्द 'आडसाली', कारण त्यांना पिकायला दीड वर्षं लागतं आणि हातात तीन महिने आहेत. पाठ होऊन विसरलेले शब्द 'खोडवा', ते बुडख्यातून परत फुटतात. आणि प्रत्येक शब्द कुणाच्या तरी नावावर.

"नावावर कशाला, आबा?" मेघना म्हणाली. "पाठ तर मलाच करायचेत."

"बिननावाचा ऊस कारखाना घेत न्हाय."

झालं. शब्दाची चिठ्ठी धारकाकडं राहायची. तारीख आली की धारकानं मेघनाला शब्द विचारायचा, अर्थ बरोबर आला तर चिठ्ठीच्या पाठीवर सही करायची, आणि सही झाल्याशिवाय शब्द तुटला असं धरायचं नाही.

रेश्माला तीनशे शब्द मिळाले. ती ते संध्याकाळी चुलीपाशी विचारायची. "भाकरी फुगायच्या आत सांग," असं म्हणून शब्द टाकायची, आणि भाकरी तव्यावरून विस्तवावर जायच्या आत उत्तर आलं नाही तर ती भाकरी मेघनाच्या ताटात पडायची, कशीही झालेली असली तरी. सप्टेंबरअखेर मेघनाचा वेग इतका वाढला की पुण्याच्या क्लासमध्ये वर्षभर पैसे भरूनही तो आला नसता.

वडील ज्ञानेश यांच्या वाट्याला 'अ‍ॅम्बिव्हॅलंट' आला. अर्थ असा, की ज्याचं मन एकाच वेळी दोन्ही बाजूंना असतं.

"चांगला शब्द हाय," ते म्हणाले. "म्हंजी तसा वाईट बी न्हाय."

शेजारचे म्हस्कूतात्या घरचे नव्हते, पण त्यांचा बांध लागून होता म्हणून आबांनी त्यांच्या नावावर शंभर शब्द टाकले. म्हस्कूतात्या रोज सकाळी यायचे, चिठ्ठी मेघनाच्या नाकासमोर धरायचे, ऐकायचे, मान हलवायचे, सही करायचे, चहा न घेता जायचे. त्यांच्याकडं 'लॅकॉनिक' होता, कमीत कमी बोलणारा. तो शब्द मेघना कधीच विसरली नाही.

ऑक्टोबर संपेपर्यंत नऊशे एकोणसाठ शब्द कुणा ना कुणाच्या नावावर लागले. उरलेले एक्केचाळीस इतके वाकडे होते की कुणी घेईना. आबांनी त्यांच्यापुढं 'पडीक' असा शेरा मारला.

आणि दोन नोव्हेंबरला इंदापूरहून सिंधुआत्या आली.

सिंधुबाई म्हणजे आबांची एकुलती एक लेक. ती आली की आधी तिचा आवाज यायचा, मग ती. बरोबर तिचा मुलगा अविराज, ज्याचा साखरपुडा ठरला होता. अविराज गाडी लावायच्या निमित्तानं बराच वेळ बाहेर थांबला. त्याला आत काय होणार हे माहीत होतं.

"सोळा तारीख," आत्या बसता बसता म्हणाली. "दुपारी बारा पस्तीस. इंदापुरातच कार्यालय घेतलंय. पुडा मेघीच्या हातनं."

स्वयंपाकघरातून येणारा भांड्यांचा आवाज थांबला.

देवकात्यांच्यात एक रीत होती. घरातल्या कुठल्याही साखरपुड्याला पुडा बाजारच्या साखरेचा चालत नसे. आपल्या रानातला ऊस, त्याची कारखान्याची साखर, आणि तो पुडा बांधून नेणार मामाच्या घरची बिनलग्नाची लेक. आबांच्या आईपासून हे चालत आलं होतं. सध्या मामाच्या घरी बिनलग्नाची लेक एकच होती, आणि तिला त्याच दिवशी सकाळी साडेआठला पुण्यात परीक्षेला बसायचं होतं. अकराला सुटली असती. पुण्याहून इंदापूर अडीच-तीन तास, त्यातही हायवेवर उसाचे ट्रॅक्टर.

"आत्या, सोळालाच माझी परीक्षा आहे."

"ठावं हाय. तारीख बदलता येतीया म्हणं. अविराजनं मोबाईलवर बघितलंय."

अविराज तेवढ्यात आत आला होता. तो लगेच परत गाडीकडं गेला.

"बदलता येते, पण पुढची जागा डिसेंबरात आहे," मेघना म्हणाली. "आणि मला जिथं अर्ज करायचाय तिथली मुदत एक डिसेंबर. ही चुकली की वर्ष गेलं."

"वर्षानं माती पळून जातीया काय? तुला मातीचंच शिकायचंय न्हवं?"

"सिंधे," आबा बोलले, "मेघीची नोंद ऑगस्टातली हाय. तुझी आजची. ज्याची लागण आधी त्याची तोड आधी. ह्यात मी काय करनार?"

"दादा, तू बोल."

ज्ञानेश बोलले. "परीक्षा बी महत्त्वाची हाय. साखरपुडा बी महत्त्वाचा हाय."

"बघा!" आत्या म्हणाली.

"बघा!" रेश्मा आतून म्हणाली.

दोघींनाही ते आपल्या बाजूचं वाटलं होतं.

"वन्सं, मी येते पुडा घिऊन," रेश्मानं बाहेर येऊन तोडगा काढला. "मी बी त्याच घरची."

"तू बिनलग्नाची हायस का, वैनी?"

ज्ञानेश यांनी उगाच रेश्माकडं एकदा बघून खात्री करून घेतली.

मग आत्याची नजर कोनाड्यातल्या नोंदवहीवर गेली. "हे काय नवीन?"

वहीत काय काय आहे ते मेघनाला आठवेना. 'कॅन्टँकरस', म्हणजे सतत भांडायला उठणारी व्यक्ती, तो शब्द कुणाच्या नावावर होता? आत्याच्या तर नाही? तिनं समजावून सांगायला तोंड उघडलं, पण आबा आधीच कौतुकानं सांगायला लागले होते. सदरं, तारखा, चिठ्ठ्या, सह्या. आत्या पानं उलटत गेली. रेश्मा. ज्ञानेश. सावळाराम. म्हस्कू. पुन्हा रेश्मा. शेवटचं पान आलं तेव्हा तिनं वही मिटून मांडीवर ठेवली.

"माझं नाव कुठाय?"

आबांनी वहीसाठी हात पुढं केला, तिनं दिली नाही.

"म्हस्कूतात्याला शंभर. बांधाचा मानूस. आन् मला?"

"अगं, तू तिकडं इंदापूरला…" आबा म्हणाले.

"व्हय. मी तिकडं." आत्याचा आवाज खाली आला. तो खाली आलेला मेघनानं कधी ऐकला नव्हता. "सातबाऱ्यावरनं नाव काढायचं म्हनला, तलाठ्याम्होरं जाऊन सही दिली. भावाचं हाय, भावाला ऱ्हाऊ दे म्हनलं. बोलले का काई? रान नगं मला. पन आता फुकटच्या इंग्रजी शब्दांत बी लेकीचा वाटा न्हाय?"

"ते शब्द तसे…" ज्ञानेश म्हणाले आणि थांबले.

"आन् दुसरं. चौतीस वर्सांत एक फड पाळीआधी तोडला न्हाय म्हनता, आबा. एक तोडलाय. माझा बी.ए.चा फारम भरलेला. बारामतीच्या कॉलेजात पैलं वर्स लागलं, दोन महिने यष्टीनं गेले. अन् स्थळ आलं म्हनून तुमी चिठ्ठी फाडली. माझी नोंद कुटल्या वहीत बघायची?"

ओट्यापलीकडं म्हस्कूतात्या वैरण टाकत होते. तेसुद्धा थांबले.

आबांनी चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, परत घातला. मग नोंदवही तिच्या मांडीवरून उचलली, शेवटचं पान उघडलं, आणि 'पडीक' या शब्दावर काट मारून पुढं लिहिलं: सिंधुबाई, इंदापूर.

"एक्केचाळीस हायती," ते म्हणाले. "लई अवघड हायती. कुनी घेत नव्हतं."

"अवघडच दिलं असतं तुमी मला," आत्या म्हणाली, पण तिनं सगळ्या चिठ्ठ्या मोजून पिशवीत टाकल्या. "आता ऐका. शब्द माझे, मी इंदापूरला नेते. मेघीला पाहिजे असतील तर सोळाला बारा पस्तीसला कार्यालयात यायचं, पुडा घिऊन. सही तिथंच."

अशा रीतीनं जीआरईच्या अभ्यासक्रमाचा काही भाग पिशवीतून इंदापूरला गेला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ते एक्केचाळीस शब्द मोबाईलमध्ये होतेच. मेघनाला ते कधीही बघता आले असते. हे घरात तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आबांच्या तर नाहीच, ते वहीतला शब्द तेवढाच शब्द मानायचे. मेघनानं रात्रभर विचार केला आणि हे कुणाला न सांगायचं ठरवलं. सकाळी तिनं आत्याला व्हिडिओ कॉल लावला.

"शब्द पाहिजेत?" आत्यानं विचारलं. स्क्रीनवर तिचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"सोळापर्यंत थांबले तर पिकून वाळतील, आत्या. तू विचारून तर बघ. सही नंतर दे."

हा युक्तिवाद आबांच्या लेकीला पटला. अविराजनं चिठ्ठ्यांवरचे इंग्रजी उच्चार मराठीत लिहून दिले होते. पहिल्या दिवशी आत्यानं एक शब्द विचारला. दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी तिनंच फोन केला, सकाळी सहाला, कारण तिला एका शब्दाचा अर्थ काही केल्या लागत नव्हता.

"ऑब्ड्युरेट. म्हंजी कसला मानूस?"

"जो काही केलं तरी पाघळत नाही."

"आबा."

"बरोबर."

"तू मनात कुनाला धरलंवतंस?"

"आबांनाच," मेघना म्हणाली. हे तिच्या अभ्यासातलं मुद्दाम दिलेलं पहिलं चुकीचं उत्तर होतं आणि ते बरोबर धरण्यात आलं.

पुढच्या आठवड्यात इंदापुरात विचित्र गोष्टी घडायला लागल्या. आत्यानं भाजीवाल्याला 'व्होल्यूबल' म्हटलं, म्हणजे अखंड बडबडणारा. आचाऱ्यानं जिलबीचा भाव तिसऱ्यांदा बदलला तेव्हा त्याला 'मर्क्युरिअल' म्हटलं. आचारी घाबरून पहिल्या भावावर आला. तिचे यजमान सोमनाथराव कन्हेरीला गुपचूप फोन करून म्हणाले, "आबा, हिला आनखी शब्द देऊ नका. घरात बोलायची सोय ऱ्हायली न्हाय."

पण मुहूर्ताचं नाव कुणी काढत नव्हतं. दहा तारीख गेली. बारा गेली. आता परीक्षेची तारीख बदलायची मुदतही संपली. मेघनाला झोप लागेना. परीक्षेला गेली तर आत्या तुटणार, आणि या वेळी नुसत्या सातबाऱ्यावरून नाही. न गेली तर वर्ष जाणार, आणि पुढच्या वर्षी घरात स्थळाची चिठ्ठी फाटणार नाही याची खात्री कोण देणार?

तेराला तिनं कॉलवर सरळ विचारलं. "आत्या, तुला मी जाऊ नये असं वाटतं का?"

कपाळ हललं. मग पहिल्यांदाच पूर्ण चेहरा दिसला.

"जा की. जाऊ नगं कोन म्हनतंय. तू जाशील तर अख्खं घर वही घिऊन तुज्या मागं पळतंय. मी गेले तवा मांडव घालायला पळत होतं. एवडंच."

"मग पुडा?"

"उद्या सांगते. आता बोल, सायकोफँट."

"पुढंपुढं करणारा, लाळघोट्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी कन्हेरीत आबांच्या फोनवर निरोप आला. साखरपुडा बारा पस्तीसऐवजी दोन चाळीसला. कारण आचारी.

"आचाऱ्याचं काय?" आबांनी विचारलं.

"त्याला उशीर हुनार हाय."

"कशामुळं?"

"मी सांगितलंय त्याला उशीर करायला," आत्या म्हणाली. "भटजी न्हाय म्हनत हुते. त्यास्नी 'पेडँटिक' म्हनले, म्हंजी नुसता पोथीतला कीस काढनारा. हो म्हनले."

आबांनी फोन ठेवला, नोंदवही उघडली आणि तारखेपुढं शेरा लिहिला: 'सिंधुबाई, इंदापूर. स्वखुशीने पाळी सोडली.' त्यांच्या सगळ्या नोकरीत असा शेरा लिहायची वेळ एकदाही आली नव्हती.

सोळाला सकाळी आठला मेघना पुण्यात केंद्राच्या बाहेर उभी असताना फोन वाजला.

"एक चिठ्ठी ऱ्हायलीय माझ्याकडं," आत्या म्हणाली. मागं सनईचं टेस्टिंग चाललं होतं. "मुद्दाम ठिवलीवती. तू परीक्षेला गेली नसतीस तर दिलीच नसती. पर्फंक्टरी."

"उरकून टाकल्यासारखं, मन नसताना केलेलं."

"आमच्या भटजीवानी. बरोबर. सही केली. जा आता."

मेघना आत गेली. बाहेर गाडीत मागच्या सीटवर साखरेचा पुडा होता, त्याच्यावर हळदी-कुंकवाची बोटं, आणि त्याला सीटबेल्ट लावून ज्ञानेश बसून होते, पुढच्या सीटवर म्हस्कूतात्या. ते पुड्याच्या बाजूनंही होते आणि परीक्षेच्या बाजूनंही, त्यामुळे त्या दिवशी प्रथमच त्यांची मनःस्थिती पूर्ण स्थिर होती.

पावणेअकराला स्क्रीनवर तो आकडा आला. कोणता, ते आपल्याला माहीत नाही.

दोन चौतीसला गाडी कार्यालयाच्या दारात लागली. तिच्या पुढं भिगवणपासून सहा उसाचे ट्रॅक्टर होते, आणि म्हस्कूतात्यांनी खिडकीतून हात काढून सहाही जणांना बाजूला घ्यायला लावलं होतं, एक शब्द न बोलता. मेघना पुडा छातीशी धरून आत पळाली. सनई बंद पडली. आत्या नवी नऊवारी सावरत समोर आली. पुड्याकडं तिनं बघितलंच नाही.

"माझा शब्द आला?"

पर्फंक्टरी आला नव्हता. एक्केचाळिसांपैकी एकही आला नव्हता. म्हस्कूतात्यांचे दोन आले होते आणि रेश्माच्या भाकरीवरचे सात. मेघनानं आत्याच्या मागं खुर्चीवर बसलेल्या आबांकडं बघितलं. आबांनी वहीकडं बघितलं, जी त्यांनी साखरपुड्यालाही आणली होती, आणि अगदी थोडी मान हलवली.

"आला," मेघना म्हणाली. "पहिलाच."

आत्यानं हातातली ओटीची थाळी नवरीच्या आईकडं दिली, पदर तोंडाला लावला आणि भर कार्यालयात मोठ्यानं हसली. मग वळून भटजींना म्हणाली, "करा सुरू. पर्फंक्टरी करू नका."

निकालाचा अधिकृत कागद आठवड्याभरानं आला आणि आबांनी तो नोंदवहीत डकवला. त्यानंतर चार दिवसांनी इंदापूरहून एक लिफाफा आला. आतला अर्ज तहसील कचेरीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टकडून टाइप करून घेतलेला होता, वर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप होतं, आणि तो आबांनी योग्य त्या शिफारशीसह अमेरिकेला पुढं पाठवायचा होता. आबांनी तो दोनदा वाचला, 'शिफारस आहे' असं लिहून खाली सही केली, आणि ज्ञानेश यांना पोस्टात टाकायला दिला. ज्ञानेश यांचं अजून ठरलेलं नाही.

प्रति,
मा. परीक्षा अधिकारी साहेब (इंग्रजी विभाग),
अमेरिका.

मार्फत: सावळाराम देवकाते, चिटबॉय (सेवानिवृत्त), कन्हेरी, ता. बारामती.

विषय: एक गुण वर्ग करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंतीपूर्वक अर्ज करते की, माझी भाची कु. मेघना ज्ञानेश देवकाते हिला आपल्या परीक्षेत एकशे एकसष्ट गुण मिळाले असून त्यापैकी एक गुण माझ्या नावावरील शब्दामुळे मिळाला आहे. सबब सदर एक गुण अर्जदाराच्या नावे, मु.पो. इंदापूर येथे वर्ग करून तसा दाखला मिळावा. उर्वरित एकशे साठ गुणांवर माझा कोणताही हक्क नाही व पुढेही राहणार नाही, असे मी राजीखुशीने लिहून देत आहे.

अर्जासोबत चिठ्ठी नग एक, सहीसह, जोडली आहे. सातबारा जोडलेला नाही, कारण त्यावर माझे नाव नाही.

आपली विश्वासू,
सौ. सिंधुबाई सोमनाथ शिंगाडे
(बी.ए. प्रथम वर्ष, दोन महिने)